उणे चाळीस अंशांची साक्ष

दीपनगरच्या मे महिन्यात उणे ४० अंश तापमान कुठेही सापडणार नाही. भुसावळ-जळगाव पट्ट्यात दुपारचा पारा ४५ च्या पुढे जातो, डांबर मऊ पडते, रस्त्यावरची माणसे दुपट्ट्यात तोंड गुंडाळून फिरतात. तरीही महामार्गालगतच्या एखाद्या गॅरेजात टर्बो असलेल्या गाडीला स्कॅनर जोडला, तर पडद्यावर हाच आकडा उमटू शकतो : इंजिनाच्या कूलंटचे तापमान, उणे ४०. त्याच्याखाली एक कोड असतो, पी०११८. या कोडच्या इंग्रजी नावात ‘हाय’ हा शब्द येतो. तो वाचून मालक घाबरतो, त्याला वाटते इंजिन तापले. घाईतला मिस्त्री म्हणतो, सेन्सर गेला, नवा टाकू. नवा सेन्सर बसतो, पैसे दिले जातात आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो.

या प्रसंगात खोटे कोण बोलले? इंजिन नाही. बहुतेक वेळा सेन्सरही नाही. खोटे शिरले ते दोघांच्या मधल्या वाटेत. तारेवरून आलेली साक्ष कितपत खरी मानायची, हा प्रश्न गाड्यांपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि दीपनगर ही तो समजून घ्यायला चांगली जागा आहे. शेजारी भुसावळ हे वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनचे मोठे रेल्वे जंक्शन. गावात औष्णिक वीज केंद्र. बाजूने जुना राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आजचा ५३. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांच्या तीन पिढ्या इथे काही किलोमीटरांच्या आत भेटतात, आणि ‘किती तापले?’ हा एकच प्रश्न तिघींनी आपापल्या परीने सोडवला आहे.

तार नसलेला साक्षीदार

वाफेच्या इंजिनात आगीच्या पेटीवर पाणी असते. पाणी कमी झाले की पेटीचे छत उघडे पडते, लाल होते आणि बॉयलर फुटू शकतो. इंग्लंडमध्ये १८०३ साली रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या एका इंजिनाचा असाच स्फोट झाला, माणसे मेली. त्यानंतर त्याने एक साधी युक्ती काढली. छताला भोक पाडून त्यात शिशाचा बूच बसवायचा. वर पाणी आहे तोवर शिसे गार राहते. पाणी ओसरले की ते वितळते, वाफ आगीवर सुटते आणि आग मंदावते. रेल्वेतली माणसे याला ‘लेड प्लग’ म्हणत.

हा तापमानाचा साक्षीदारच होता. त्याला फक्त एक वाक्य येत होते : ‘आता फार झाले.’ मध्ये तार नाही, काटा नाही, आकडा नाही. त्यामुळे निरोप वाटेत बिघडण्याची भीती फारशी नव्हती. अर्थात तोही अगदी निर्दोष नव्हता. पाण्याच्या बाजूने क्षारांचा कठीण थर जमला असेल, तर शिसे वितळूनही भोक बंद राहू शकत असे. म्हणून लेड प्लग ठरावीक काळाने काढून तपासावा लागे आणि नवा बसवावा लागे. साक्षीदार कितीही साधा असला, तरी त्याची स्वतःची तपासणी टळत नाही.

केबलच्या पोटातली ऊब

दुरून तापमान कळावे, तेही आकड्यात, ही गरज टेलिग्राफच्या काळात उभी राहिली. १८६० च्या सुमारास समुद्राखाली टाकायची लांबलचक केबल जहाजाच्या पोटात वेटोळी करून ठेवली जात असे. केबलीतल्या तांब्याच्या तारेवर गटापर्चा नावाच्या चिकाचे आवरण असे. ते उष्णतेने मऊ पडते, आणि मऊ पडले की आतली तार सरकून केबल वाया जाते. ओल्या वेटोळ्याच्या आत आपोआप उष्णता साठते आहे, असा संशय विल्यम सीमेन्स यांना आला. पण शेकडो फेऱ्यांच्या आत थर्मामीटर घालणार कसा, आणि घातला तरी वाचणार कसा?

तांब्याची तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, वाढतो. सीमेन्स यांनी तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी केबलच्या थरांमध्ये ठेवली आणि बाहेर बसून त्यांचा रेझिस्टन्स मोजला. आकडे सांगू लागले की आत बरीच उष्णता आहे. बाहेरून केबल गार होती, त्यामुळे या आकड्यांवर लोकांचा विश्वास बसेना. मग केबलवर थंड पाणी सोडण्यात आले, आणि खालून निघालेले पाणी कोमट होते.

पाणी ओतण्याची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तारेने सांगितलेला आकडा खरा की खोटा, हे त्याच तारेला पुन्हा विचारून कळत नाही. ज्याचा त्या तारेशी संबंध नाही, असा दुसरा साक्षीदार आणावा लागतो. पुढच्या दीडशे वर्षांत मापनाची साधने कितीतरी बदलली, पण तपासाचा हा नियम बदलला नाही.

सीमेन्स यांना लवकरच दुसरी अडचण जाणवली. मापन करणारी तार इंजिनाजवळ किंवा भट्टीजवळ असते आणि मीटर लांब असतो. मधल्या तारेचाही स्वतःचा रेझिस्टन्स असतो, आणि तोही मापनात मिसळतो. मीटरला कळत नाही की यातला कुठला भाग भट्टीचा आणि कुठला वाटेचा. १८७१ च्या सुमारास त्यांनी यावर उपाय म्हणून तिसरी तार जोडली. तिच्यामुळे वाटेचा वाटा वेगळा काढून वजा करता येतो.

दीपनगरचे तीन साक्षीदार

भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. पुढे २१० मेगावॉटचे दोन संच आले, त्यानंतर ५०० मेगावॉटचे दोन. २१० मेगावॉटच्या संचात टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंशांची असते. तिथे हात लावून अंदाज घ्यायचा प्रश्नच येत नाही. सगळा कारभार तारांवर चालतो.

अशा केंद्रात वाफेचे तापमान बहुधा थर्मोकपल सांगते. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले की वीज निर्माण होते, हे थॉमस सीबेक यांनी १८२१ साली पाहिले होते. बेअरिंगांसाठी प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर वापरतात. शून्य अंशाला त्याचा रेझिस्टन्स १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशाला तो सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. म्हणजे वाटेतल्या तारेने एक ओहम जरी घातला, तरी आकडा अडीच अंशांनी चुकतो. म्हणूनच या सेन्सरला आजही तीन तारा असतात. दीडशे वर्षांपूर्वीची ती युक्ती अजून कामावर आहे.

जिथे चुकीच्या आकड्यामुळे संपूर्ण संच बंद पडू शकतो किंवा बंद पडायला हवा तेव्हा चालू राहू शकतो, अशा ठिकाणी एका सेन्सरवर विसंबत नाहीत. तीन बसवतात आणि तीनपैकी दोघांचे एकमत झाले तरच यंत्रणा हालचाल करते. एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, हा पंचांचा नियम यंत्रातही चालतो.

गाडीत मात्र एवढी चैन परवडत नाही. कूलंटसाठी साधारण एकच सेन्सर आणि त्याला दोनच तारा.

गाडीला तापमान कसे कळू लागले

सुरुवातीच्या मोटारींत काहीच नव्हते. रेडिएटरमधून वाफ निघाली की गाडी तापली. १९१२ मध्ये अमेरिकेत बॉइस मोटोमीटर आला. हा रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला थर्मामीटर होता आणि चालक काचेतून तो पाहत असे. पुढे डॅशबोर्डवर काटा आला. आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या पिढीला तो काटाच पुरेसा होता. काटा बिघडला तरी गाडी बिघडत नसे, कारण तो माहिती फक्त माणसाला देत होता. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे हे कार्ब्युरेटर ठरवत असे, त्याला काट्याचे देणेघेणे नव्हते.

१९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत आली आणि हे नाते बदलले. आता सेन्सरचा आकडा यंत्रच वाचू लागले आणि त्यावरून इंधन ठरवू लागले. साक्ष ऐकणारा माणूस मधून निघून गेला. म्हणून साक्ष खोटी निघाली, तर थेट गाडी चुकीची चालू लागली.

या सेन्सरच्या आत प्लॅटिनम नसते. मायकेल फॅरडे यांना १८३३ साली आढळले होते की सिल्व्हर सल्फाइड धातूंच्या उलट वागते, तापले की त्यातून वीज अधिक सहज जाते. याच गुणावर चालणारा थर्मिस्टर १९३० साली सॅम्युएल रूबेन यांनी व्यवहारात आणला. बॉशच्या एका प्रचलित सेन्सरचे आकडे पाहा : २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ६० अंशांना ५९६, ८० अंशांना ३२३, १०० अंशांना १८६. गार असताना विरोध प्रचंड, गरम झाल्यावर अगदी थोडा.

गाडीचा संगणक, म्हणजे ईसीएम, या सेन्सरला आतल्या एका ठरलेल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो. त्या ५ व्होल्टची दोघांत वाटणी होते. इंजिन गार असले की सेन्सरच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात, तापले की कमी. ईसीएम तेवढेच पाहतो आणि मनाशी तक्ता लावून अंश काढतो.

आता तार तुटली असे समजा. वाटणीच होत नाही, पूर्ण ५ व्होल्ट तसेच राहतात. ईसीएमच्या तक्त्यात एवढे व्होल्ट म्हणजे कडाक्याची थंडी, तक्त्याचे शेवटचे टोक, उणे ४०. कोडमधले ‘हाय’ हे व्होल्टेजबद्दल आहे, तापमानाबद्दल नाही. उलट तार कुठेतरी अर्थला चिकटली, तर व्होल्टेज शून्यावर येते आणि पडदा १३०-१४० अंश दाखवतो. त्याचा कोड पी०११७. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानासाठी अशीच जोडी आहे, पी०११२ आणि पी०११३.

या कोडच्या पूर्ण नावात आणखी एक शब्द असतो, तो घाईत वाचलाच जात नाही : सर्किट. कोड सेन्सरवर आरोप करत नाही. सेन्सर, कनेक्टर, दोन तारा, अर्थ आणि ईसीएम या साऱ्या वाटेत कुठेतरी बिघाड आहे, एवढेच तो सांगतो. कोड ही फिर्याद असते, निकाल तपासानंतर लागतो.

टर्बोने पैज वाढवली

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये टर्बोचे पेटंट घेतले. धुराच्या जोरावर चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची, ही त्यातली कल्पना. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक तापते, हे सगळ्यांनी अनुभवले आहे. टर्बोत तेच घडते, पण फार मोठ्या प्रमाणात. बाहेरची हवा ४५ अंशांची असेल आणि दाब दुप्पट केला, तर गणिताने ती ११५ अंशांवर जाते. प्रत्यक्षातला कॉम्प्रेसर आदर्श नसतो, त्यामुळे ती १४० च्याही पुढे जाऊ शकते. तापलेली हवा पसरलेली असते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी. म्हणून इंटरकूलर लागतो. हवा १४५ वरून ६५ अंशांवर आणली, तर त्याच जागेत सुमारे पाव पट जास्त हवा मावते.

आत नेमकी किती हवा गेली, हे अनेक गाड्यांत ईसीएम दाब आणि तापमान या दोन आकड्यांवरून काढतो. म्हणून इंटरकूलरच्या पुढे हवेचा तापमान सेन्सर असतो, पुष्कळदा दाबाच्या सेन्सरच्याच डबीत. हवा आहे त्यापेक्षा गार भासली तर ती जास्त आहे असे समजून इंधन वाढते. डिझेलमध्ये काळा धूर येतो, आणि पेट्रोल इंजिनात ठोके बसण्यापासूनचा बचाव ढिला पडतो. ईसीएमला संशय आला तर तो टर्बोचा दाबच कमी करतो आणि चालक म्हणतो, गाडी पिकअप घेत नाही.

महाराष्ट्राच्या छोट्या शहरांत टर्बो आला तो मुख्यतः डिझेलच्या पाठीवर. २००२ ची स्कॉर्पिओ, २००७ ची डिझेल स्विफ्ट या गाड्या खानदेशच्या रस्त्यांवर रुळल्या. २०१० पासून गाडीत स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू झाले, १ एप्रिल २०२० ला बीएस-६. कानाने आणि हाताने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रींच्या हातात काही वर्षांतच स्कॅनर आला. स्कॅनर वापरायला सोपा निघाला. त्याला प्रश्न कसे विचारायचे, हे शिकवणारे मात्र फारसे कोणी नव्हते.

अर्धे खोटे

उणे ४० हे पूर्ण खोटे आहे, म्हणून ते पकडायला सोपे. कनेक्टर काढायचा आणि स्कॅनर पाहायचा. उणे ४० दिसायला हवे. मग वायरिंगचा नकाशा पाहून, सेन्सर दोन तारांचाच आहे याची खात्री करून, कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. आकडा एकदम वरच्या टोकाला गेला, तर तारा आणि ईसीएम निर्दोष, संशय सेन्सरवर. आकडा जागचा हलला नाही, तर वाट तुटलेली आहे, आणि नवा सेन्सर टाकून काहीही होणार नाही. मग मल्टिमीटरने पाहायचे : एका पिनेवर ५ व्होल्ट येतात का, दुसरीला अर्थ मिळतो का. उंदराने कुरतडलेली वायर, एक्झॉस्टजवळ वितळलेले आवरण, वॉशिंगच्या प्रेशरने कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. दोष बहुतेकदा अशाच साध्या जागी सापडतो.

अर्धे खोटे मात्र चकवते. कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढला आणि त्याने २७० ओहमची भर घातली, असे समजा. पहाटे २० अंशांना सेन्सरचे २५०० ओहम असतात, त्यात २७० मिळाले तर आकडा दोन-तीन अंशांनी चुकेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण इंजिन ८० अंशांवर आले की सेन्सरचे ओहम उरतात ३२३. त्यात २७० मिळवा : ५९३. वरचा तक्ता पाहा, ईसीएमसाठी हे ६० अंश आहेत. इंजिन खरे ८० वर असताना त्याला ते अजून गारच वाटते. इंधन गरजेपेक्षा जास्त, पंखा उशिरा. आकडा अशक्य नसल्यामुळे सर्किटचा कोडही येत नाही. सकाळी गॅरेजात गाडी ठणठणीत, दुपारी रस्त्यावर तक्रार. मालकाला खोटारडे ठरवण्याआधी हा हिशोब आठवावा.

गाडीला दोनच तारा पुरतात, याचे कारण थर्मिस्टरचे ओहम हजारांत असतात आणि तारेचा एखादा ओहम त्यात बुडून जातो. ते खरेच आहे, पण गार इंजिनापुरते. इंजिन तापले की सेन्सरची बाजू हलकी होते आणि वाटेचा दोष वर येतो. सीमेन्स यांना सतावणारी अडचण इथे गंजाच्या रूपाने परत येते.

उपायही तोच, दुसरा साक्षीदार. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे, इंजिन सुरू न करता, फक्त चावी फिरवून पाहावी. कूलंट, आत जाणारी हवा आणि बाहेरचा साधा थर्मामीटर, तिघांचे आकडे दोन-चार अंशांच्या आत जुळायला हवेत. मग इंजिन पूर्ण तापवून सेन्सरजवळच्या धातूचे तापमान वेगळ्या थर्मामीटरने घ्यावे आणि स्कॅनरशी ताडून पाहावे. फरक मोठा असेल, तर चावी बंद करून सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजावेत, आणि ईसीएमच्या बाजूचा कनेक्टर काढून तिथूनही मोजावेत. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे वाटेचा दोष. कनेक्टर साफ करायला पाच मिनिटे लागतात, आणि सेन्सरचे पैसे वाचतात.

या तपासाला लागणारे सामान एका पिशवीत मावते : मल्टिमीटर, थर्मामीटर, तारेचा तुकडा आणि सेन्सरच्या ओहमचा तक्ता. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगाही तो करू शकतो. अडचण असते ती वेळेची आणि मजुरीची. पार्ट बदलला की गिऱ्हाईक पैसे देतो, कारण त्याला जुना पार्ट हातात मिळतो. तास घालवून वाट तपासली आणि गंज पुसला, तर ‘काय केलंस एवढं?’ असा प्रश्न येतो. ही मजुरी द्यायची सवय आपल्याला लागत नाही तोवर चांगले सेन्सर कचऱ्यात जात राहतील.

वीज केंद्रात तीन साक्षीदारांचा खर्च केला जातो, कारण चुकीची किंमत तिथे सगळ्यांना माहीत आहे. दोन तारांच्या गाडीत दुसरा आणि तिसरा साक्षीदार मिस्त्रीलाच आणावा लागतो. पुढच्या वेळी पडद्यावर आकडा दिसला की त्याला एवढेच विचारावे : हा आकडा इंजिनाचा आहे की वाटेचा? आणि उत्तर शोधायला जो वेळ देतो, त्याच्या बिलात त्या वेळेसाठी एक वेगळी ओळ असू द्यावी.